इलेक्ट्रोड विभव आणि विद्युतघटांची ऊष्मागतिकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची सगळी विभवे २५ अंश सेल्सिअसची आहेत आणि क्षपणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या, दिशेने दिली आहेत. सूत्रांमध्ये 'ई' म्हणजे व्होल्टमधले विभव, 'एन' म्हणजे अभिक्रियेत इकडून तिकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे मोल आणि 'एफ' म्हणजे फॅराडे स्थिरांक, ९६,४८५ कूलोम प्रतिमोल. 'जी', 'एच' आणि 'एस' म्हणजे अनुक्रमे गिब्ज मुक्त ऊर्जा, एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी. ई° आणि जी° म्हणजे प्रमाण स्थितीतली मूल्ये. या विषयातल्या बहुतेक शंकांचे मूळ एकच असते: व्होल्ट म्हणजेच ऊर्जा असे धरून पुढे जाणे. म्हणून उत्तरे पुन्हा पुन्हा मुक्त ऊर्जेकडे वळतील.

एकट्या इलेक्ट्रोडचे विभव का मोजता येत नाही?

जस्ताची पट्टी झिंक सल्फेटच्या द्रावणात बुडवली की धातू आणि द्रावण यांच्या सीमेवर विभवांतर तयार होते, यात शंका नाही. अडचण ते मोजण्याची आहे. मीटरची एक तार पट्टीला जोडता येते, पण दुसरी तार द्रावणाला जोडायची तर तीही धातूचीच असते. ती द्रावणात बुडाली की तिच्याभोवती दुसरी सीमा आणि दुसरे विभवांतर उभे राहते. मीटर दाखवतो तो या दोहोंमधला फरक. म्हणजे काहीही केले तरी हातात येतो तो पूर्ण घट; अर्धघट, म्हणजे एकटा इलेक्ट्रोड आणि त्याचे द्रावण, कधीच नाही.

यामुळे काही बिघडत नाही. अभिक्रियाही नेहमी पूर्णच असते. एका बाजूने सुटलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूने कोणीतरी घ्यावाच लागतो.

मग हायड्रोजनचे विभव शून्य कसे? ते खरेच शून्य आहे का?

ते ठरवलेले शून्य आहे. प्लॅटिनमच्या बारीक काळ्या थराने मढवलेली प्लॅटिनमची पट्टी, १ बार दाबाचा हायड्रोजन वायू आणि ज्याची हायड्रोजन आयन सक्रियता (म्हणजे प्रभावी संहती) १ आहे असे द्रावण, एवढे जमले की त्या इलेक्ट्रोडचे विभव प्रत्येक तापमानाला शून्य मानायचे, असा करार आहे. प्रमाण विभवांच्या तक्त्यातले 'तांबे +०.३४ व्होल्ट' हा आकडा म्हणजे तांब्याचा अर्धघट हायड्रोजनच्या अर्धघटाला जोडल्यावर मिळणारे विभवांतर.

'प्रत्येक तापमानाला' या शब्दांकडे विशेष लक्ष द्या. तापमान बदलल्यावर हायड्रोजन इलेक्ट्रोडमध्ये प्रत्यक्षात बदल होतच असतो. आपण तो हिशेबात दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या खात्यावर टाकतो. त्यामुळे एका अर्धघटाच्या तापमान गुणांकाला स्वतंत्र भौतिक अर्थ चिकटवू नये. पूर्ण घटाच्या गुणांकाला मात्र तो असतो.

निर्वातातला स्थिर इलेक्ट्रॉन संदर्भ धरून हायड्रोजन इलेक्ट्रोडचे 'निरपेक्ष' विभव काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९८६ मध्ये आययूपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्यासाठी ४.४४ व्होल्ट हे मूल्य शिफारस केले. अर्धवाहकांच्या पृष्ठभागांवर काम करणाऱ्यांना ते लागते. घटाच्या गणितात ते वजाबाकीत निघून जाते.

ऑक्सिडीकरणाचे (इलेक्ट्रॉन सोडण्याचे) विभव काढताना चिन्ह उलटायचे की नाही?

नाही. हा सगळ्यांत जास्त गुण घालवणारा घोळ आहे. घटाचे विभव काढण्याचा नियम असा: कॅथोडचे (जिथे क्षपण होते त्या इलेक्ट्रोडचे) क्षपण विभव वजा अ‍ॅनोडचे क्षपण विभव. जस्त-तांबे घटात ०.३४ वजा (−०.७६), म्हणजे १.१० व्होल्ट. आधी चिन्ह उलटून मग बेरीज केली तरी उत्तर तेच येते, पण काही विद्यार्थी चिन्ह उलटतात आणि वजाबाकीही करतात. एकच पद्धत धरा.

जुन्या अमेरिकी पुस्तकांत ऑक्सिडीकरण विभवे छापलेली असत. तिथे जस्तासमोर +०.७६ दिसते. १९५३ मध्ये स्टॉकहोमला आययूपॅकने संकेत ठरवला आणि 'इलेक्ट्रोड विभव' म्हणजे क्षपणाच्या दिशेचेच विभव हे पक्के झाले. या संकेताचा मोठा फायदा असा की अभिक्रिया तुम्ही कोणत्याही दिशेने लिहा, तांब्याच्या पट्टीवरचे चिन्ह बदलत नाही. मीटरवर जे दिसते तेच तक्त्यात असते.

अ‍ॅनोड धन की ऋण?

ऑक्सिडीकरण जिथे होते तो अ‍ॅनोड. एवढीच व्याख्या लक्षात ठेवा, चिन्ह तिच्यातून काढा. वीज देणाऱ्या घटात अ‍ॅनोड ऋण असतो, बाहेरून वीज घेणाऱ्या घटात धन. चार्ज होणाऱ्या बॅटरीत टोकांची चिन्हे तीच राहतात, अ‍ॅनोड आणि कॅथोड मात्र आपली जागा बदलतात.

रासायनिक ऊर्जेचे विजेत रूपांतर होते म्हणतात. ही नेमकी कोणती ऊर्जा?

या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातले मोठे शास्त्रज्ञही अडखळले होते, म्हणून सावकाश पाहू.

पहिले उत्तर सहज सुचते: अभिक्रियेत जेवढी उष्णता बाहेर पडली असती, तेवढीच ऊर्जा विजेच्या रूपात मिळत असणार. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५१ मध्ये याच धारणेने घटाचे विभव गणिताने काढून दाखवले. जॉन फ्रेडरिक डॅनिअल यांच्या १८३६ च्या घटावर हे करून पाहू. अभिक्रिया अशी:

जस्त + तांब्याचे आयन → जस्ताचे आयन + तांबे

हिची एन्थाल्पी, म्हणजे स्थिर दाबाला देवघेव होणारी उष्णता, −२१८.७ किलोजूल प्रतिमोल आहे. इलेक्ट्रॉन दोन, म्हणून २,१८,७०० ला २ × ९६,४८५ ने भागा. उत्तर येते १.१३ व्होल्ट. प्रत्यक्षात मीटर दाखवतो १.१० व्होल्ट. फरक इतका थोडा की तो प्रयोगातल्या त्रुटींवर सहज ढकलता येतो. डॅनिअल घट या बाबतीत फारच फसवा निघाला. त्याच्या अभिक्रियेतला एन्ट्रॉपीचा (ऊर्जा किती विखुरलेली आहे याच्या मापाचा) बदल लहान आहे, म्हणून एन्थाल्पी आणि मुक्त ऊर्जा जवळजवळ सारख्या येतात, आणि चुकीची कल्पना बरोबर वाटत राहते.

१८७० च्या दशकात जोसाया विलार्ड गिब्ज यांनी आणि १८८२ मध्ये हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी हा गुंता सोडवला. स्थिर तापमान आणि दाब असताना घटाकडून जास्तीत जास्त जेवढे विद्युत कार्य मिळू शकते, ते मुक्त ऊर्जेतल्या घटीइतके असते, उष्णतेइतके नव्हे:

डेल्टा जी = − एन × एफ × ई

डॅनिअल घटासाठी २ × ९६,४८५ × १.१० म्हणजे सुमारे २१२ किलोजूल. उरलेले साडेसहा-सात किलोजूल घट व्युत्क्रमी रीतीने, म्हणजे अगदी मंद प्रवाहाने, चालवला तरीही उष्णता म्हणूनच बाहेर जातात. ती गळती नव्हे. अभिक्रियेत एन्ट्रॉपी सुमारे २१ जूल प्रतिकेल्विन कमी होते, आणि तेवढी एन्ट्रॉपी भोवतालाला द्यावीच लागते.

घटातून एन्थाल्पीपेक्षा जास्त वीज मिळू शकते का?

मिळते, आणि हे एका घटावर नीट दाखवता येते. एका बाजूला शिसे आणि लेड क्लोराइड, दुसऱ्या बाजूला पारा आणि कॅलोमल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड:

शिसे + मर्क्युरस क्लोराइड → लेड क्लोराइड + २ पारा

या अभिक्रियेची एन्थाल्पी −९४.० किलोजूल आहे आणि मुक्त ऊर्जा −१०३.४ किलोजूल. घटाचे विभव सुमारे ०.५४ व्होल्ट. म्हणजे अभिक्रिया उघड्या भांड्यात झाली तर ९४ किलोजूल उष्णता मिळेल, पण घटात ती मंद गतीने चालवली तर १०३ किलोजूलहून जास्त विद्युत कार्य मिळेल.

वरचे ९.४ किलोजूल घट भोवतालातून उष्णता म्हणून ओढून घेतो. ऊर्जेचा हिशेब चोख जुळतो. उष्णतेचे कार्यात पूर्ण रूपांतर दुसऱ्या नियमाला चालत नाही, ही शंका इथे अनेकांना येते आणि ती रास्त आहे. पण तो नियम चक्रीय यंत्रासाठी आहे, काम संपल्यावर पूर्वस्थितीत परतणाऱ्या यंत्रासाठी. हा घट परतत नाही. त्यात घन शिसे आणि घन कॅलोमल होते, आता द्रवरूप पारा आहे आणि घटाची स्वतःची एन्ट्रॉपी सुमारे ३२ जूल प्रतिकेल्विन वाढलेली आहे. भोवतालाने गमावलेली एन्ट्रॉपी घटाच्या आत जमा झाली.

माझ्या मते एन्थाल्पी आणि मुक्त ऊर्जा यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. तरीही वर्गात डॅनिअल घटच पुढे येतो, आणि तिथे हा फरक दिसतच नाही.

एन्ट्रॉपी खरोखर मोजायची कशी?

व्होल्टमीटर आणि थर्मामीटर घेऊन. घटाचे विभव वेगवेगळ्या तापमानांना मोजा आणि आलेख काढा. त्याचा चढ गुणिले एन गुणिले एफ म्हणजे डेल्टा एस. विभवातून डेल्टा जी मिळालीच आहे, तेव्हा

डेल्टा एच = डेल्टा जी + तापमान × डेल्टा एस

यावरून एन्थाल्पीही हाती येते. उष्णतामापक न वापरता, कोणतीही उष्णता न मोजता.

हे चढ लहान असतात, म्हणून मोजणी काटेकोर लागते. डॅनिअल घटात एका अंशाला सुमारे −०.११ मिलिव्होल्ट, शिसे-कॅलोमल घटात सुमारे +०.१६ मिलिव्होल्ट. १८९३ मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी बनवलेल्या कॅडमिअमच्या घटात तो २० अंशांजवळ जेमतेम ०.०४ मिलिव्होल्ट आहे. म्हणूनच १.०१८३ व्होल्टचा तो घट विसाव्या शतकात अनेक दशके प्रयोगशाळांमध्ये व्होल्टचे प्रमाण म्हणून वापरला गेला.

समीकरण दुपटीने लिहिले तर ई° दुप्पट का होत नाही?

दुपटीने लिहिल्यावर मुक्त ऊर्जा दुप्पट होते आणि इलेक्ट्रॉनांची संख्याही दुप्पट. विभव म्हणजे या दोहोंचा भागाकार. तो आहे तसाच राहतो. विभव ही प्रत्येक कूलोममागची ऊर्जा आहे, एकूण ऊर्जा नव्हे. मोठा घट जास्त वेळ चालतो, जास्त प्रवाह देऊ शकतो, पण त्याचे विभव लहान घटाइतकेच असते.

दोन अर्ध-अभिक्रिया मिळवून तिसरी केली. मग विभवांची बेरीज का चालत नाही?

पूर्ण घटात चालते, कारण दोन्हीकडे इलेक्ट्रॉनांची संख्या समान करून घेतलेली असते आणि ते शेवटी निघून जातात. दोन अर्ध-अभिक्रियांतून तिसरी अर्ध-अभिक्रिया बनवली की इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. तिथे बेरीज मुक्त ऊर्जांचीच करावी लागते.

लोखंड घ्या. फेरिक ते फेरस: +०.७७ व्होल्ट, १ इलेक्ट्रॉन. फेरस ते धातू: −०.४४ व्होल्ट, २ इलेक्ट्रॉन. फेरिक ते धातू किती? नुसती बेरीज केली तर +०.३३ येते, आणि ते चूक आहे. प्रत्येक विभवाला त्याच्या इलेक्ट्रॉनांनी गुणा: ०.७७ आणि −०.८८. बेरीज −०.११. एकूण तीन इलेक्ट्रॉन, म्हणून भागाकार −०.०४ व्होल्ट. चिन्हच उलटले! +०.३३ वर विश्वास ठेवला असता तर निष्कर्षही उलटा निघाला असता.

हीच रीत तांब्याला लावली की आणखी एक गोष्ट कळते. क्युप्रिक ते क्युप्रस ०.१५ व्होल्ट, क्युप्रस ते तांबे ०.५२ व्होल्ट. दुसरे विभव पहिल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून पाण्यात एक क्युप्रस आयन दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो: एकाचे तांबे होते, दुसऱ्याचा क्युप्रिक आयन. विभव ०.३७ व्होल्ट, समतोल स्थिरांक १० च्या ६ व्या घाताइतका. पाण्यातले साधे क्युप्रस आयन टिकत नाहीत, त्याचे कारण हे दोन आकडे.

नर्न्स्टचे समीकरण काय सांगते?

वाल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये दिलेले समीकरण २५ अंशांना असे लिहितात:

ई = ई° − (०.०५९२ ÷ एन) × लॉग क्यू

'क्यू' म्हणजे त्या क्षणी उत्पादिते आणि अभिकारके यांच्या सक्रियतांचे गुणोत्तर. हे काही वेगळे तत्त्व नाही. मुक्त ऊर्जा संहतीनुसार कशी बदलते हे आधीच ठाऊक होते. त्याला − एन × एफ ने भागले की हे समीकरण येते.

यातल्या लॉगचा परिणाम किती मोठा आहे, हे अंक घालून पाहिल्याशिवाय पटत नाही. डॅनिअल घटात दोन्ही द्रावणे १ मोलरची घेऊन सुरुवात करा आणि सक्रियता म्हणजे संहतीच असे धरा. तांब्याचे ९० टक्के आयन संपल्यावर विभव १.०६ व्होल्ट. ९९ टक्के संपल्यावर १.०३. ९९.९९ टक्के संपल्यावरही ०.९७ व्होल्ट! विभव जवळजवळ सपाट चालते आणि अगदी शेवटी कोसळते. अशा घटाच्या विभवावरून त्यात किती 'माल' शिल्लक आहे हे ओळखणे म्हणूनच कठीण जाते.

बॅटरी संपते तेव्हा ई° शून्य होते का?

ई° कधीच बदलत नाही. तो त्या अभिक्रियेचा स्थिरांक आहे. शून्य होते ते ई. त्या क्षणी क्यू हा समतोल स्थिरांक 'के' इतका झालेला असतो, आणि नर्न्स्टच्या समीकरणातून मिळते

लॉग के = एन × ई° ÷ ०.०५९२

डॅनिअल घटासाठी के हा १० च्या ३७ व्या घाताच्या आसपास येतो. त्याचा शब्दशः अर्थ लावला तर समतोलाला एक लिटर द्रावणात तांब्याचा एक आयनही उरू नये. म्हणजे हा घट आदर्श समतोलापर्यंत प्रत्यक्षात पोचत नाही. त्याआधीच प्रवाह इतका क्षीण होतो की तो कामाचा राहत नाही. तरीही स्थिरांक खरा आहे, आणि तो मोजायला एक व्होल्टमीटर पुरतो. एवढा प्रचंड स्थिरांक संहती मोजून काढणे अशक्य होते.

विरघळणे ही रेडॉक्स (इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीची) अभिक्रिया नाही. मग विद्राव्यता विभवांवरून कशी काढतात?

मुक्त ऊर्जेला मार्गाशी देणेघेणे नसते. सिल्व्हर क्लोराइड विरघळण्याची अभिक्रिया दोन अर्ध-अभिक्रियांच्या फरकाने लिहा. सिल्व्हर क्लोराइड ते चांदी आणि क्लोराइड: ०.२२२ व्होल्ट. चांदीचे आयन ते चांदी: ०.७९९ व्होल्ट. फरक −०.५७७ व्होल्ट, इलेक्ट्रॉन १. ०.०५९२ ने भागले की लॉग के −९.७५, म्हणजे विद्राव्यता गुणाकार सुमारे १.८ × १० चा −१० वा घात. एकही इलेक्ट्रॉन शेवटच्या समीकरणात नाही, तरी उत्तर बरोबर.

याचीच दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. चांदीचे विभव +०.८० आहे, म्हणून ती आम्लातून हायड्रोजन सोडत नाही असे आपण शिकतो. पण हायड्रोआयोडिक आम्लात सिल्व्हर आयोडाइडचा न विरघळणारा साका तयार होतो आणि त्या जोडीचे विभव −०.१५ व्होल्ट आहे. त्या आम्लात चांदी हायड्रोजन सोडते. 'चांदीचे विभव' असे सुटे बोलणे अपुरे असते. चांदी कशात बदलते आहे, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

दोन्ही इलेक्ट्रोड एकाच धातूचे असतील तर घट चालेल का?

संहती वेगळी असेल तर चालेल. चांदीच्या दोन पट्ट्या, एक ०.१ मोलर आणि दुसरी ०.००१ मोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये. ई° शून्य, पण शंभरपट फरकामुळे सुमारे ११८ मिलिव्होल्ट मिळतात. विरल द्रावणांत मिसळण्याची उष्णता नगण्य असते, म्हणून इथली जवळजवळ सगळी वीज एन्ट्रॉपीतून येते आणि उष्णता भोवतालातून घेतली जाते. पीएच मीटरच्या मुळाशीही हाच नियम आहे: पीएचच्या एका एककाला ५९ मिलिव्होल्ट.

संहती की सक्रियता? फरक किती पडतो?

विरल द्रावणात थोडा. दाट द्रावणात फार, त्यातही आयनांवर दुहेरी भार असेल तर. १ मोलल झिंक सल्फेट किंवा कॉपर सल्फेटचा सरासरी सक्रियता गुणांक सुमारे ०.०४ आहे. म्हणजे हे आयन आपल्या संहतीच्या पंचविसाव्या हिश्शाइतकेच वागतात! डॅनिअल घटात दोन्ही गुणांक जवळपास सारखे असल्यामुळे गुणोत्तरात ते कटतात आणि १.१० व्होल्ट सुरेख मिळतात. एकच अर्धघट हायड्रोजनसमोर ठेवला तर ही सवलत मिळत नाही, आणि प्रयोगवहीतला आकडा तक्त्याशी जुळत नाही. तेव्हा चूक हाताची नसते, संहती घालून सोडवलेल्या समीकरणाची असते.

लिथिअमचे विभव सर्वांत ऋण का? सोडिअम तर पाण्यात जास्त जोराने पेट घेतो.

प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: किती ऊर्जा सुटते आणि किती लवकर सुटते.

ऊर्जेचा हिशेब तीन टप्प्यांचा. घन धातूतून अणू सुटा करणे, त्यातून इलेक्ट्रॉन काढणे आणि आयनाला पाण्याने वेढणे. पहिल्या दोन टप्प्यांत लिथिअम महाग पडतो: अणू सुटा करायला १५९ आणि आयनीकरणाला ५२० किलोजूल. सोडिअमला हेच १०७ आणि ४९६. पण लिथिअमचा आयन अतिशय लहान असतो, पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात, आणि या तिसऱ्या टप्प्यात सुटणारी ऊर्जा आधीची सगळी तूट भरून काढते. शेवटी लिथिअम −३.०४ व्होल्टवर येतो, सोडिअम −२.७१ वर.

वेगाचे कारण निराळे. सोडिअम ९८ अंशांना वितळतो, लिथिअम १८० अंशांना. अभिक्रियेच्या उष्णतेने सोडिअमचा गोळा वितळतो आणि त्याचा ताजा पृष्ठभाग सतत पाण्याला भिडतो. लिथिअम बहुधा घनच राहतो. विभवाच्या तक्त्यात वितळणबिंदूला जागा नाही.

विभव धन असूनही अभिक्रिया होत नाही, असे का?

ई धन म्हणजे डेल्टा जी ऋण, म्हणजे अभिक्रियेला परवानगी आहे. ती कधी होईल, याबद्दल विभव मौन आहे. अ‍ॅल्युमिनिअमचे विभव −१.६६ व्होल्ट असून त्याची भांडी पाण्यात टिकतात, कारण ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धातूला झाकतो.

याहून मोठे उदाहरण रोज वापरातले आहे. पाण्याचे विघटन व्हायला ऊष्मागतिकीच्या दृष्टीने १.२३ व्होल्ट पुरतात. शिसे-आम्ल बॅटरीच्या एका घटाचे विभव २ व्होल्टच्या वर असते, आणि तिच्यात पाणी भरलेले असते. म्हणजे चार्ज केलेल्या बॅटरीने स्वतःतल्या पाण्याचे तुकडे करत आपोआप संपून जायला हवे. ते अत्यंत सावकाश होते, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटायला बरेच अतिविभव, म्हणजे ऊष्मागतिकीच्या गरजेहून जास्तीचे विभव, लागते. जगभरातल्या असंख्य गाड्या सुरू होतात त्या या मंदगतीच्या भरवशावर.

पाण्याच्या विघटनाला कुणी १.२३ व्होल्ट म्हणते, कुणी १.४८. खरे कोणते?

दोन्ही. द्रवरूप पाण्यासाठी मुक्त ऊर्जा २३७.१ किलोजूल आहे, तिला २ × ९६,४८५ ने भागले की १.२३ येते. एन्थाल्पी २८५.८ किलोजूल, तिला भागले की १.४८. या दोन विभवांच्या दरम्यान विघटन चालवले तर उरलेली ऊर्जा भोवतालातून उष्णता म्हणून घ्यावी लागते. बरोबर १.४८ वर घट गरमही होत नाही आणि थंडही. त्याहून जास्त विभवाला तो तापतो.

उलट दिशेने, इंधनघटात, २८५.८ पैकी जास्तीत जास्त २३७.१ किलोजूल वीज मिळते, म्हणजे ८३ टक्के. ही मर्यादा कार्नोची नाही, कारण इंधनघट हे उष्णता इंजिन नाही. तापमान वाढवल्यावर हे विभव एका अंशाला ०.८५ मिलिव्होल्टने घटते. तरी काही इंधनघट मुद्दाम शेकडो अंशांवर चालवतात, कारण तिथे अभिक्रियेचा वेग वाढतो आणि त्यात मिळणारा फायदा आदर्श विभवातल्या तोट्यापेक्षा मोठा ठरतो.

मीटर लावल्यावर तक्त्यापेक्षा कमी व्होल्ट का दिसतात?

प्रवाह वाहतो आहे म्हणून. डेल्टा जी चे समीकरण व्युत्क्रमी घटाचे आहे, आणि तसा घट म्हणजे जवळजवळ शून्य प्रवाह. पूर्वी यासाठी पोटेन्शिओमीटरने समोरून तितकेच विभव लावून प्रवाह थांबवत. आता खूप जास्त रोध असलेला डिजिटल मीटर तेच काम करतो. घटाला दिवा जोडलेला असताना मोजलेल्या विभवातून डेल्टा जी काढू नका. ते घटाच्या आतल्या रोधाने आणि अतिविभवाने कापलेले विभव असते.

क्षारसेतूत (दोन अर्धघटांची द्रावणे जोडणाऱ्या नळीत) पोटॅशिअम क्लोराइडच का?

पोटॅशिअम आणि क्लोराइड आयन पाण्यात जवळपास सारख्याच वेगाने सरकतात. त्यामुळे दोन द्रावणांच्या सीमेवर भार साचत नाही आणि तिथले अनावश्यक विभव काही मिलिव्होल्टांवर राहते, पूर्ण नाहीसे होत नाही. चांदीच्या अर्धघटाला मात्र हा सेतू लावू नका, सिल्व्हर क्लोराइडचा साका बसेल. तिथे पोटॅशिअम नायट्रेट घ्या.

जीवरसायनशास्त्रात हायड्रोजनचे विभव −०.४१ का लिहितात?

तिथली प्रमाण स्थिती पीएच ७ ची आहे. ५९ मिलिव्होल्ट गुणिले सात म्हणजे ०.४१. त्याच पीएचला ऑक्सिजन-पाणी जोडी १.२३ वरून ०.८२ वर येते. पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडी या रेणूचे विभव −०.३२, म्हणून तिथून ऑक्सिजनपर्यंतचा उतार १.१४ व्होल्टचा, दोन इलेक्ट्रॉनांना सुमारे २२० किलोजूल. दोन तक्ते एकाच गणितात मिसळले की उत्तर हमखास चुकते.

प्रयोगशाळेत हायड्रोजन इलेक्ट्रोड नाही. मोजलेला आकडा तक्त्याशी कसा ताडायचा?

तुमच्या संदर्भ इलेक्ट्रोडचे स्वतःचे विभव मोजलेल्या आकड्यात मिळवा. संपृक्त पोटॅशिअम क्लोराइडमधल्या चांदी-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडसाठी +०.१९७ व्होल्ट, संपृक्त कॅलोमलसाठी +०.२४ व्होल्ट. पहिल्याच्या तुलनेत −०.५० व्होल्ट मोजले असतील तर हायड्रोजनच्या तुलनेत ते −०.३० होतात. आतल्या पोटॅशिअम क्लोराइडची संहती वेगळी असेल तर मिळवायचा आकडाही वेगळा असतो, म्हणून वहीत 'चांदी-सिल्व्हर क्लोराइड' एवढेच लिहून थांबू नका. संहती आणि तापमानही त्याच ओळीत लिहा.